आगराचा तळ

कोलशेतच्या बंद कारखान्याचं फाटक ओलांडून बायजाआजी आत आली आणि तिने आधी पायातल्या चपला काढल्या.

मी पलीकडे मातीचे नमुने भरत होते. हातातली पिशवी टाकून ओरडले, "आजी, चप्पल! चप्पल घाला!"

तिने कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं. "आगरात चप्पल घालून कोन जातं गं?"

"हा आता मिठाचा आगर नाहीये आजी. कारखाना आहे."

"कारकाना मागाहून आला. आदी आगर."

तिचा नातू हर्षित गाडी लॉक करून मागून आला. "मॅडम, मी बोललेलो ना तुम्हाला, ती ऐकणार नाही. घरात टाइल्सवर चप्पल घालून फिरते आणि इथे काढली."

मी तिला भिंतीचा पाया दाखवला. पावसाळ्यानंतर तिथे पिवळा थर फुटून आला होता, हळद सांडावी तसा. "हे पायाला लागलं तर जखमा होतात. भरत नाहीत लवकर." आजीने वाकून पाहिलं, हात मात्र लावला नाही. मग माझे वरिष्ठ सलिल सर यांचे जादाचे गमबूट तिच्या पायात चढवले. ते तिच्या गुडघ्यापर्यंत आले.

"यात माजी दोन पतवंडं बसतील," ती म्हणाली आणि बूट ओढत चालायला लागली.

माझं काम थोडक्यात सांगते. जुन्या कारखान्याच्या जमिनीवर घरं बांधायच्या आधी ती जमीन किती बिघडली आहे हे आम्ही तपासतो आणि बिघडलेली माती कशी, किती काढायची ते ठरवतो. कॉलेजात असताना मला वाटायचं, यात सगळी यंत्रं आणि प्रयोगशाळा असणार. त्या असतातच. पण सुरुवात होते ती माणसं शोधण्यापासून. कारखाना यायच्या आधी इथे काय होतं, भराव कुठे पडला, पाणी कुठून वाहायचं, हे आठवणारी माणसं. उपग्रहाचे फोटो तेवढे मागे जात नाहीत. या कारखान्यात रंगांसाठी लागणारी क्रोमियमची रसायनं बनायची. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि आता तिथे टॉवर उभे राहणार होते. माती काढायचं कंत्राट हर्षितला मिळालं होतं, त्याच्याकडे पोकलेन आणि डंपर आहेत. बोलता बोलता तो मला म्हणाला होता, "आमच्या आजीचं माहेर आहे ना हे. अख्खं."

मला वाटलं होतं, आजी येईल आणि फटाफट बोट दाखवत सांगेल. इथे बांध, इथे खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी, इथे मीठ. तसं काहीच झालं नाही. तिला काही ओळखूच येईना. ती या शेडपासून त्या शेडपर्यंत गेली, परत आली, खाडीकडे तोंड करून उभी राहिली.

"खारी येवरी खाली कशी गेली?"

"खाडी नाही गेली आजी. जमीन वर आली. भराव टाकलाय मुरमाचा. तुमच्यापेक्षा उंच."

आपल्या पायाखाली, आपल्या डोक्याहून खोल कुठेतरी आपलं माहेर आहे, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला असावा. मग तिने येऊरच्या डोंगराकडे पाहायला सुरुवात केली. तिच्या बापाच्या कोंडीत, म्हणजे मीठ पिकवायच्या चौकोनी वाफ्यात, उभं राहिलं की सूर्य डोंगराच्या एका खाचेत बुडायचा. आता मध्ये इमारती. ती दोन पावलं डावीकडे, तीन उजवीकडे करत, दोन टॉवरांच्या फटीतून डोंगर शोधत राहिली.

"इकरं. नाय, जरा इकरं. आता बस."

आम्ही तिथे खुंटी ठोकली. हर्षित हसत म्हणाला, "आजी, पक्कं ना? की अंदाजपंचे?"

"तुज्या लग्नाची पोरगी बगितली तवा पक्की बगितली का नाय? मंग गप."

निघताना गाडीचं दार धरून तिने मला विचारलं, "पोरी, खाली आगराचा तल असंल का अजून?"

"असेल कदाचित. ड्रिल केल्यावर कळेल."

"असला तर मना एकदा त्याच्यावर उभा राहायचाय. नुसत्या पायांनी. घरं उठायच्या आदी."

मी म्हटलं, आधी तपासणी होऊ दे. ती म्हणाली, "कर तपासनी. मी कया पलून जाते?"

पुढच्या आठवड्यात नकाशातल्या काही खुणा विचारायला मी तिच्या घरी कोपरला गेले. हर्षितने गावठाणात तीन मजली बंगला बांधला आहे, काचेचं रेलिंग, खाली ऑफिस. आजी मागच्या पडवीत राहते, कारण तिला एसी सोसत नाही. तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढ्यात ठेवलं आणि कुठली, कुणाची, चौकशी सुरू केली. मी आंबिवलीची, वडील सिद्धेश रिक्षा चालवतात, आई शाळेत सेविका आहे, असं सांगितलं.

"जमीन हाय का गावाला?"

"नाही आजी. आमची कधी नव्हतीच."

"मंग बरा हाय," ती म्हणाली. "जायाचं काय टेन्शन नाय."

मग तिने आगर कसा असायचा ते सांगितलं. नकाशा मी बाजूलाच ठेवला.

पावसाळ्यात आगर म्हणजे नुसता चिखल आणि पाणी. आदल्या वर्षीचा तळ पावसाने मऊ होऊन वाहून जायचा. दिवाळी झाली की घरची सगळी माणसं कोंडीत उतरायची. एका रांगेत उभं राहायचं, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि टाचेने चिखल दाबत दाबत मागे सरकायचं. वाळू द्यायचं. भेगा पडायच्या आत परत तुडवायचं. परत वाळू द्यायचं. असं करता करता तळ इतका घट्ट व्हायचा की खाडीचं पाणी खाली मुरत नसे. ते वरच्यावर आटायचं आणि मीठ उरायचं. एकदा तळ धरला की चप्पल घालून कुणी उतरायचं नाही, शेठ असला तरी नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी, आणि शिवाय चपलेची घाण मिठात कोण खाणार.

बायजा चालायला लागली तेव्हापासून त्या रांगेत होती. सगळ्यात टोकाला, आईच्या पदराला धरून. पुढे उंची वाढली तसा हात आईच्या खांद्यावर गेला. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती कोपरला आली. पण दिवाळी झाली की भाऊ गोपीनाथ भरती बघून होडी घेऊन न्यायला यायचा.

"दुसऱ्या पोरी माहेरी जात लारात राहायला, आन् मी जायची चिकल तुरवाला. सासू बोलायची, हिला माहेरचा चिकल पुरनपोलीवानी गोड लागतो."

"मग? लागायचा?"

"तर!" ती हसली. तिला पुढचे दोनच दात आहेत. "दिवसभर पाय चालायचे आन् तोंडा चालायची. आय एकेकाची नक्कल करायची. सगली रांग हसून हसून वाकरी व्हायची, बापूस वरून वरडायचा, तल वाकरा व्हईल, तल वाकरा व्हईल."

मग एका वर्षी दिवाळीनंतर गोपीनाथ आला तो होडीने नाही, सडकेने. नवी पँट, हातात पेढे. म्हणाला, आगर गेला बाय, आता तिथे कारखाना, आणि मला नोकरी लागली. घरात सगळ्यांना आनंद झाला. बायजानेही पेढा खाल्ला. महिन्याचा पगार, कारखान्याची घंटा, कंपनीचा साबण, सगळंच नवीन होतं.

"पन दिवाली सरली का माजे पाय शिवशिवायचे. भिंतीला टाच घासत बसायची. मालकांना वाटायचा, हिला खरूज झाली."

गोपीनाथने निवृत्तीपर्यंत तिथेच काम केलं. आजी त्याची गंमत सांगायला लागली. त्याच्या नाकात आतून भोक पडलं होतं, मधल्या पडद्याला. श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. पोरं म्हणायची, मामा आला, शिट्टी झाली. "तपकीर ओरायचा ना, त्याच्यापाय. किती शिव्या घातल्या आमी त्या तपकिरीला."

माझा घास हातातच राहिला. आमच्या पुस्तकात ती एक ओळ होती. क्रोमियमच्या धुरात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला छिद्र पडतं. परीक्षेत मी ती लिहिली होती आणि मला त्याचे मार्क मिळाले होते. सांगावं की नाही, कळेना. माणूस जाऊन दहा वर्षं झालेली. शेवटी मी सांगितलं.

आजीने भाकरीची परात बाजूला सारली. "म्हंजे तपकिरीचा काय दोस नव्हता," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, आता तरी तिला त्या जागेवर उभं राहायचं नसेल. हात धुताना ती म्हणाली, "तुजी तपासनी कवा हाय?"

खुंटीपाशी ड्रिल लावलं तेव्हा मी स्वतः तिथे उभी होते. वरचा मुरूम भसाभस गेला. पिवळट, ओला, नाकाला झोंबणारा. माणसाच्या उंचीहून थोडं खाली गेल्यावर ड्रिल अडलं.

"मॅडम, खडक लागला," ड्रिलवाला म्हणाला.

तो खडक नव्हता. नळी वर काढून उभी चिरली तर आत राखाडी चिकणमाती, इतकी घट्ट की नखाने खूण उठेना. कडेने पाहिलं तर पापुद्र्यासारखे थर दिसत होते, एकावर एक, प्रत्येक वर्षाचा एक असावा. वरून झिरपलेला पिवळा रंग त्या थरांत वीतभर उतरला होता, मग फिका होत होत थांबला होता. त्याखाली नुसती खाडीची निळसर माती. प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यातही तेच होतं. वर विष, तळाच्या वरच्या भागात विष, खाली काही नाही. आगराच्या हद्दीत सगळीकडे असंच निघालं. जिथे आगर नव्हता त्या कोपऱ्यात मात्र ते खोल गेलं होतं.

सलिल सर खूश झाले. "जागृती, बघ, निसर्गानेच लायनर टाकलाय, अस्तरासारखा. काढायची माती निम्म्यावर आली."

"निसर्गाने नाही सर," मी म्हटलं आणि आगर कसा तुडवतात ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे रिपोर्टमध्ये लिही. मी लिहिलं.

आजीला फोन केला तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी धड बोलत नव्हते. तळ आहे आजी, शाबूत आहे, त्यानेच विष अडवलं, खाली जाऊ दिलं नाही.

"माज्या आयचे पाय हायेत ते," पलीकडून ती म्हणाली. "आन् बापूस उगा वरडायचा, तल वाकरा व्हईल." मग लगेच, "मंग कवा येऊ?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी सावकाश सांगितलं की तळाने विष अडवलं म्हणजे ते स्वतःत घेतलं. म्हणून वरच्या भरावाबरोबर तळही काढायचा आहे. खाली उरेल ती माती स्वच्छ असेल, पण ती तळाखालची.

पलीकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"सगला काढनार?"

"तुडवलेला सगळा."

"आन् त्याच्यावर मना नाय उभा राहता येनार."

"नाही आजी. गमबूट घालूनच."

"बुटानी नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सरांकडे गेले. विचारलं, तळ तसाच ठेवून वरून बंद करता येईल का? तांत्रिकदृष्ट्या येत होतं. पण तिथे दोन मजल्यांचं पार्किंग जमिनीखाली जाणार होतं, म्हणजे तळ स्वच्छ असता तरी गेलाच असता. सर म्हणाले, "हे आपल्या हातात नाही गं." मग मी दुसरं विचारलं. वरची माती निघाली की आम्ही उघड्या जमिनीचे नमुने परत तपासतो, आणि अहवाल येईपर्यंत पुढचं खोदकाम थांबलेलं असतं. अहवाल चांगला आला तर खोदकाम सुरू व्हायच्या आधी आजीला तिथे आणू का? सरांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. "अहवाल हातात आल्यावर. त्याच्या आधी नाही. आणि पोकलेन तिच्या आसपास चालू नको."

माती काढायचं काम सुरू झालं. प्रत्येक डंपर ताडपत्रीने बांधून, चाकं धुऊन बाहेर जायचा, लांबच्या बंदिस्त खड्ड्यात, जिथे असली माती प्लास्टिकच्या थरांत पुरून टाकतात. हर्षित एकदा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पोकलेनच्या बकेटमध्ये राखाडी मातीच्या मोठ्या ढेपा होत्या, एकेका ढेपेच्या कडेला त्या पापुद्र्यांच्या रेघा.

"माझ्याच गाड्या नेतायत," तो म्हणाला. "आजीचं माहेर, पणजोबांची मेहनत. आजी विचारते रोज, आज किती गाड्या गेल्या. मी काय बोलू?"

"काय बोलतोस?"

"बोलतो, मोजल्या नाहीत."

अहवाल दुपारी बाराच्या सुमारास मेलवर आला. सगळे आकडे मर्यादेच्या खूप खाली होते. मी हर्षितला फोन केला. तो तिला तासाभरात घेऊन आला, कारण दोननंतर पार्किंगचं खोदकाम सुरू व्हायचं होतं.

आजी उतारावरून माझा हात धरून खाली आली. नेसूचं लुगडं हिरवं, कोरं, घडीच्या खुणा असलेलं. खाली पोचल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं. चहूबाजूंनी कापलेल्या मातीच्या भिंती, मध्ये सपाट निळसर जमीन, तिच्यावर बकेटच्या दातांचे ओरखडे. या वेळी तिने चपला काढल्या नाहीत.

"यो माजा आगर नाय," ती म्हणाली.

"हो आजी. ही त्याच्याखालची."

"ही तर मी कदी बगितलीच नाय." तिने चपलेच्या टोकाने माती उकरून पाहिली. मला वाटलं, ती आता वर जाईल. पण नाही. ती खाली बसली, मातीचा गोळा घेतला, बोटांत मळला, वास घेतला.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पानी हाय का इकरं?"

धूळ बसवायला टँकर असतो. हर्षितने पाइप ओढून आणला. "आजी, काय करतेस? बीपी वाढेल तुझं."

"तू पानी सोर. येवरा नको! पोर हाय का बंब हाय?"

पाणी मुरल्यावर तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, लुगडं खोचलं आणि ओल्या मातीत पाय ठेवले. मग टाचेने दाबायला लागली. एक टाच, दुसरी टाच, मागे. चार-पाच वेळा झाल्यावर तिचा तोल गेला. मी धरलं.

"बगतीस काय? एकटीनं तल व्हतो का?"

मी बूट-मोजे काढले. तिने माझ्या खांद्यावर हात टाकला, बोटं चांगली रुतवून. दुसऱ्या बाजूला हर्षित, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. आम्हा दोघांना लय सापडेना. तिच्या टाचा तिरक्या पडायच्या, बाहेरून आत, आमच्या सरळ. "नाच नको करू रं, दाब. दाब!" ती त्याला म्हणाली. पोकलेनवर बसलेला ऑपरेटर सहदेव केबिनमधून वाकून बघत होता.

"वाकडा होतोय तळ," मी म्हटलं.

आजी थबकली. माझ्याकडे बघितलं नाही तिने, समोरच्या कापलेल्या भिंतीकडे बघत राहिली, आणि मग तिचं सगळं अंग हसण्याने हलायला लागलं. ते हसणं थांबलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले आणि परत टाच टेकवली.

खाटेएवढा तुकडा झाला असेल. त्याला ओली चकाकी आली होती, पावलांच्या खुणा एकमेकींत मिसळून सपाट झालेल्या. आजीची छाती वरखाली होत होती. ती बाजूला झाली, चपला हातात घेतल्या.

"आता कोनी पाय देवचा नाय. वालू दे. वालला का परत तुरवाचा."

मी मान डोलावली. हर्षित पाइप गुंडाळत होता. तो तिला घेऊन उतार चढून वर गेला. चिखलाचे पाय तिने धुऊ दिले नाहीत, तशीच गाडीत बसली.

दोन वाजता सहदेवने वरून हाक मारली, "मॅडम, चालू करू?"

मी त्याला म्हटलं, पलीकडच्या टोकापासून कर. त्याने तसं केलं. पण दिवस मावळायच्या आत तो तुकड्यापर्यंत पोचला.

संध्याकाळी मी चाळीच्या नळावर पाय धूत होते. नखांतली माती निघत नव्हती. फोन वाजला. हर्षितचा नंबर होता, आवाज आजीचा.

"पोरी, वालला का गं?"

खोदकाम दोनला सुरू होणार हे हर्षितने तिला गाडीत येतानाच सांगितलेलं. तिला माहीत होतं. नळ तसाच वाहत राहिला.

"आज ऊन चांगलं पडलेलं, आजी," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. "मंग वालला आसंल."